आकाशातील गायरान

2022 च्या लिलावात भारत सरकारने दीड लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या दूरसंचार लहरी विकल्या. या तेजीच्या बाजारात एक चिंचोळा पट्टा मात्र विक्रीस नाही. 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कोणीही प्रक्षेपण करू नये, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा नियम आहे. पट्टा रिकामा ठेवावयाचा आणि तोच त्याचा उपयोग, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास कोडेच वाटावे.

कोड्याचे उत्तर मातीत आहे. प्रत्येक पदार्थ स्वतःच्या उष्णतेपायी अत्यंत क्षीण सूक्ष्मलहरी बाहेर टाकीत असतो. कोरडी माती त्या मुक्तहस्ते टाकते. ओली माती हात आखडता घेते. त्यामुळे तापमान तेच असूनही ओली जमीन वरून पाहणाऱ्या उपग्रहास थंड भासते. 21 सेंटीमीटरच्या आसपासच्या या लहरी ढगांतून आणि विरळ पिकातून पार होतात व वरच्या सुमारे पाच सेंटीमीटर थरातील ओल सांगतात. युरोपचा ‘स्मॉस’ (2009) आणि अमेरिकेचा ‘स्मॅप’ (2015) हे उपग्रह याच कामासाठी सोडले गेले. त्यांचा एकेक ठिपका साधारण चाळीस किलोमीटरचा. एका शेताला वाफसा आला की नाही हे त्यातून कळत नाही. ते कळण्यास मूठभर माती दाबून पाहणारा शेतकरीच हवा. पण विस्तीर्ण मुलखाची सरासरी ओल दर दोन-तीन दिवसांनी कळणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

‘स्मॉस’ने कान लावला तेव्हा युरोप आणि आशियाच्या मोठ्या भागात त्याला मातीऐवजी गोंगाटच ऐकू आला. काही प्रक्षेपक सरळसरळ बेकायदा होते. काही ठिकाणी शेजारच्या पट्ट्यातील रडारची गळती होती. त्या त्या देशांच्या अधिकाऱ्यांना कळवून पुष्कळ प्रक्षेपक बंद करविण्यात आले. मोठा गोंगाट निदान ओळखू येतो, ते आकडे टाकून देता येतात. धोका आहे तो मंद गोंगाटाचा. तो मातीच्या लहरींत मिसळतो, जमीन आहे त्याहून उष्ण भासवितो आणि गणितात ओली जमीन कोरडी ठरते. म्हणजे कागदावर खोटा दुष्काळ!

रोनाल्ड कोस यांनी 1959 साली लहरींची मालकी विकावी असे सुचविले. जो अधिक मोल देईल तो अधिक चांगला उपयोग करील, हा त्यामागील तर्क. तो टाकाऊ नाही. परंतु शांततेचा लाभ कोट्यवधी लोकांत विखुरलेला असतो आणि त्यांच्यापैकी लिलावात बोली लावण्यास कोणीच येत नाही. गावच्या गायरानाचे असेच झाले. अतिक्रमण करणाऱ्याचा फायदा त्याच्या एकट्याचा, तोटा मात्र साऱ्या गावाच्या गुरांचा. हाच पट्टा, हायड्रोजनच्या लहरींमुळे, नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीलाही लागतो, म्हणजे हे गायरान आपल्या वेशीपर्यंत आलेले आहे.

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत मातीतील ओल हा दुष्काळ ठरविण्याच्या निकषांपैकी एक आहे. हे आकडे जसजसे वरून घेतले जातील तसतशी एखाद्या तालुक्याची सवलत वा विम्याची रक्कम या शांततेवर अवलंबून राहील. लहरींवर पहारा ठेवणारी यंत्रणा दूरसंचार खात्याकडे आहे. लिलावाच्या उत्पन्नातील एक अल्प पण निश्चित वाटा या पहाऱ्यासाठी राखून ठेवावा आणि पकडलेल्या अतिक्रमणांची यादी दरवर्षी संसदेपुढे मांडावी, एवढी मागणी अवाजवी ठरू नये.