मामावर गेलेला मुलगा

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी बेला गावातील एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले. सोबत त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. शाळेच्या कबड्डी संघात त्याची निवड झाली होती. परंतु सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागली नाही, सकाळी पोटात कळ उठली, आणि मैदानाच्या कडेलाच त्याला रडू कोसळले. शिक्षकांनी त्याच्या जागी दुसरा मुलगा उतरविला. आता मुलाचे नाव संघातून काढून घ्यावे असे वडिलांनी ठरविले होते, आणि ते त्याला आम्ही समजावून सांगावे, एवढ्यासाठी ही भेट होती. "फादर, हा पोट्टा मामावर गेला," ते म्हणाले. "त्याचा मामाबी असाच होता. रगतातच हाये, त्याले आता कोन काय करन?"

मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि आपल्याविषयीचा निवाडा मुकाट्याने ऐकत होता.

प्रिय वाचकहो, मामावर गेला, आज्यावर गेला, हे शब्द आपल्या घरोघरी दिवसातून दहा वेळा उच्चारले जातात. ते सर्वस्वी खोटे आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांत सत्याचा अंश आहे, आणि तो नेमका किती, हे पाहण्यासारखे आहे.

अनुवंशाचे नियम जगाला प्रथम दाखवून दिले ते एका मठवासी धर्मगुरूने, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. ग्रेगोर मेंडेल हा शेतकऱ्याचा मुलगा. ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठाच्या बागेत 1856 ते 1863 पर्यंत त्याने वाटाण्याची सुमारे 28,000 रोपे वाढवून तपासली. उंच रोप आणि ठेंगणे रोप यांचा संकर केला असता पुढील पिढ्यांत कोणते रूप कोणत्या प्रमाणात उतरते, याचा हिशेब त्याने मांडला व 1866 साली तो छापला. जगाने त्याची दखल घेतली ती 1900 साली, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. पण आज आम्हांस मेंडेलच्या वाटाण्यापेक्षा त्याचा स्वभाव अधिक आठवतो. आजाऱ्यांच्या उशाशी जाण्याची त्याला इतकी धास्ती वाटे की त्यापायी तो स्वतः आजारी पडे. अखेर मठाधिपतींनी त्याची त्या कामातून सुटका केली व त्याला शाळेत शिकविण्यास पाठविले. शिक्षकाच्या परीक्षेतही तो 1850 साली अनुत्तीर्ण झाला. असा हा धास्तावणारा मनुष्य! त्याच्या वडिलांनी त्याला कोणावर गेलेला ठरविले असते, कोण जाणे.

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. एकाच गर्भबीजाचे दोन भाग होऊन जन्मलेली जुळी भावंडे अनुवंशाने जवळजवळ एकसारखी असतात. दोन निराळ्या बीजांची जुळी इतर भावंडांप्रमाणे सरासरी अर्धीच सारखी. या दोन प्रकारच्या जोड्यांची तुलना करून अनुवंशाचा वाटा काढतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी 1979 पासून लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचाही अभ्यास केला. अशा अनेक अभ्यासांतून निघालेला निष्कर्ष असा की भित्रेपणा वा धीटपणा, मनमिळाऊपणा, कामातील चिकाटी अशा गुणांत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे चाळीस ते पन्नास टक्के भाग अनुवंशाने येतो. म्हणजे आमच्या शेतकरी मित्राचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

तथापि या टक्क्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. मुलाचा अर्धा स्वभाव मामाकडून आला आणि अर्धा शाळेतून, असा तो अर्थ नव्हे. हा हिशेब एका मुलाचा नसून समुदायातील फरकांचा आहे. आपल्याकडील कापसाचे उदाहरण घ्या. एकाच काळ्याभोर रानात दोन जातींची सरकी पेरली, पाणी व खत सारखेच दिले, तर झाडांत दिसणारा फरक बहुतेक बियाण्याचा. पण एकच बियाणे अर्धे काळ्या जमिनीत आणि अर्धे बरडावर टोकले, तर फरक दिसेल तो जमिनीचा. बियाणे तेच, त्याचा वाटा मात्र रान बदलताच बदलला. एखाद्या झाडाकडे बोट दाखवून, याची इतकी उंची बियाण्याची व इतकी मातीची, असे कोणत्याही शेतकऱ्यास सांगता येणार नाही. मग मुलाकडे बोट दाखवून आपण ते कसे सांगतो?

नामवंत खेळाडूंविषयी तर पुष्कळच शोध चालले आहेत. ब्रिटनमधील जुळ्या स्त्रियांच्या पाहणीत, कोण वरच्या पातळीवरील स्पर्धक होते व कोण होत नाही या फरकात अनुवंशाचा वाटा सुमारे 66 टक्के असल्याचा अंदाज 2007 साली प्रसिद्ध झाला. साहजिकच पुढचा प्रश्न आला, की हा वाटा कोणत्या जनुकात दडला आहे? मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य असते. ते मोडून टाकणारे एक विकर आहे, आणि ते घडविणाऱ्या जनुकाची दोन रूपे आढळतात. एका रूपाचे विकर जलद काम करते, दुसऱ्याचे सावकाश. जलद रूपाचा मनुष्य ताणाच्या क्षणी डोके शांत ठेवतो, सावकाश रूपाचा काळजी करतो परंतु निवांत वेळी त्याची स्मरणशक्ती सरस असते, असा तर्क मांडला गेला. पोलंडमधील संशोधकांनी कुस्ती-ज्यूदोसारख्या द्वंद्वखेळांतील खेळाडूंना प्रश्नावल्या देऊन व त्यांची जनुके तपासून इतरांशी तुलना केली. खेळाडू कर्तव्यदक्षतेत सरस भरतात, हे अशा पाहण्यांत दिसते. जनुकांचा संबंध मात्र कधी दिसतो, कधी दिसत नाही. शिवाय, दक्ष स्वभावामुळे मनुष्य खेळाडू झाला की पहाटे चारला उठून वर्षानुवर्षे जोर-बैठका काढल्यामुळे दक्ष झाला, हे प्रश्नावली कशी सांगणार?

या क्षेत्रात विद्वानांचीही फसगत झाली आहे. 1996 साली एका जनुकाचा चिंतातुर स्वभावाशी संबंध जोडला गेला, आणि पुढे वीस वर्षे त्यावर शेकडो निबंध निघाले. 2019 साली लाखो लोकांची माहिती एकत्र करून, खिन्नतेच्या विकाराशी जोडलेल्या अशा अठरा प्रसिद्ध जनुकांची तपासणी झाली. ती इतर कोणत्याही जनुकांहून अधिक महत्त्वाची ठरली नाहीत. आजचे मत असे की स्वभावाच्या एकेका गुणामागे हजारो जनुकांचा तिळातिळाएवढा वाटा असतो. वाटाण्याच्या उंचीसारखा हा साधा हिशेब नव्हे.

असे असता मुलाच्या थुंकीचा नमुना घेऊन "तुमचे मूल कोणत्या खेळात चमकेल" हे सांगण्याचा धंदा शहरांतून चालला आहे! क्रीडाविज्ञानातील तज्ज्ञांनी 2015 साली एकत्र येऊन स्पष्ट सांगितले की खेळातील गुणवत्ता हेरण्यासाठी मुलांच्या अशा चाचण्या मुळीच करू नयेत. गावात कोणी असली जाहिरात घेऊन आला, तर त्याला पाणी द्यावे व वाटेला लावावे.

यापेक्षा आपल्या मराठी मुलखाचा दाखला अधिक बोलका आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी दादासाहेब जाधव नावाचे नामांकित मल्ल होते. त्यांना पाच मुलगे. एकच आईबाप, एकच घर, एकच लाल माती. तथापि 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले ते सर्वांत धाकट्या खाशाबांनी. रक्तच सर्व काही करीत असते, तर पाच पदके आली असती! आणि रक्ताचा काहीच वाटा नाही म्हणावे, तर मल्लाच्याच पोटी हा मल्ल कसा? 1948 साली लंडनला गादीवरच्या कुस्तीची सवय नसताना ते सहावे आले. पुढील चार वर्षे त्यांनी मेहनत केली. प्रवासखर्च जमेना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. प्राचार्यांच्या गहाणखताची नोंद कोणत्या जनुकात सापडेल?

दुसरा दाखला आजचा. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा हे अवर्षणग्रस्त गाव. तेथील गरीब शेतकरी कुटुंबातील अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले. महार रेजिमेंटमधून सियाचिनच्या बर्फात व राजस्थानच्या वाळूत त्यांनी नोकरी केली, आणि स्पर्धेच्या धावण्याकडे ते वळले 2015 साली, विशी उलटल्यावर. 2022 साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या केवळ पाच शतांशांनी. पुढच्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. धावण्याचे बीज त्यांच्या अंगी असलेच पाहिजे. पण सैन्यात गेले नसते, तर ते बीज आहे हे मांडव्यात कोणास कळले असते?

सेमिनरीत असताना आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांचे ग्रंथ अभ्यासावे लागत. त्यांनी तेराव्या शतकातच म्हटले आहे की शरीराच्या घडणीमुळे कोणी निसर्गतःच धैर्याकडे, तर कोणी संयमाकडे झुकलेला असतो. परंतु हा झुकाव म्हणजे पूर्णत्वास गेलेला सद्गुण नव्हे, तो सरावाने घडतो. तेव्हा परीक्षेसाठी आम्ही हे पाठ केले होते. त्याचा उपयोग बेल्यात कबड्डीसाठी होईल, असे वाटले नव्हते. असो.

आम्ही त्या गृहस्थांस विचारले, "मामा लहानपणी काय खेळत असत?" ते थोडे थांबले. मग म्हणाले, "खेळासाठी त्याले कोनं कधी पाठोलंच नाई. भेकड म्हनून आम्हीच हसत होतो." एवढे बोलून त्यांनी मुलाकडे पाहिले. आम्ही अधिक काही बोललो नाही. संघात नाव आणखी पंधरा दिवस राहू द्यावे, एवढीच विनंती केली, व शिक्षकांशी बोलून ठेवले की त्याला एकदम सामन्यात न उतरविता रोज संध्याकाळी चार ओळखीच्या मुलांसमोर चढाई करू द्यावी.

परवा आम्ही मैदानावरून जात असता तो दिसला. चढाईची पाळी येण्यापूर्वी तो तळहात पुन्हा पुन्हा चड्डीला पुसत होता. आत गेला, आणि दुसऱ्याच पावलाला त्याची पकड झाली. तिघांनी त्याला मातीत दाबला. उठला, गुडघा झाडला, आणि रांगेत पुन्हा उभा राहिला. वडील कडुनिंबाखाली सायकल धरून उभे होते. आम्हांस पाहून त्यांनी हात जोडले, आणि परत मैदानाकडे पाहू लागले.