दुसरे पिस्तूल कोणते घ्यावे?

पुणे शहरात आणि त्याला वेढून असलेल्या हवेली, मुळशी, मावळ या तालुक्यांत एका विशिष्ट वर्गाच्या बैठकींत एक प्रश्न मोठ्या गांभीर्याने चर्चिला जात असतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर बरे, की त्याच बोअरचे पिस्तूल बरे? सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. तेव्हा जुने विलायती हत्यार दामदुप्पट मोजून घ्यावे काय? पहिले कमरेला आहेच, तर दुसरे म्हणून रायफल घ्यावी की बारा बोअरची बंदूक? २०१९ च्या कायदेदुरुस्तीपूर्वी एका व्यक्तीस ३ शस्त्रे बाळगता येत. आता २ च बाळगता येतात. त्यामुळे दुसऱ्याची निवड अधिकच चोखंदळपणे होऊ लागली आहे. मोटार कोणती घ्यावी, याची चर्चा ज्या सुरात होते, त्याच सुरात हीही होते.

जमिनीचे दलाल आणि ठेकेदार यांच्यापुरतीच ही चर्चा मर्यादित असती, तर तिच्यासाठी या पानावरची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु आता चळवळीत वावरणाऱ्यांपैकीही काहीजण, 'दिवस वाईट आलेत, आपल्यालाही एक परवाना काढून ठेवायला हवा' असे बोलू लागले आहेत. म्हणून या प्रश्नाची स्पष्टपणे उलटतपासणी करणे भाग आहे. कोणते पिस्तूल घ्यावे हा प्रश्न विचारणारा माणूस, ते कोणावर रोखायचे याचे उत्तर आधीच देऊन बसलेला असतो. ते उत्तर कार्यकर्त्यांनी तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम परवाना कोणाला मिळतो ते पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे आखूड नळीच्या शस्त्रासाठी अर्जदाराने सबळ कारण दाखवावे लागते. २०१६ च्या नियमांनी व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीवित वा मालमत्ता यांचे रक्षण करण्याची निकड हे एक कारण मान्य केले आहे. आता ज्याच्यापाशी मालमत्ताच नाही, त्याच्या जिवाला असणारा धोका या चौकटीत कसा बसावा? रात्रपाळीहून परतणारी कामगार स्त्री, सावकाराविरुद्ध साक्ष देणारा शेतमजूर, गावकीशी भांडणारा दलित तरुण यांच्या जिवाला धोका नसतो, असे कोण म्हणेल? मावळातील जमीनव्यवहारांची लक्तरे माहितीच्या अधिकाराने वेशीवर टांगणारे सतीश शेट्टी यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. ते त्यांना मिळाले नाही, आणि १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे त्यांचा खून झाला. ज्यांच्यापासून अशा माणसांना धोका असतो, त्यांच्या मालमत्तेचे रक्षण मात्र शासनाला निकडीचे वाटते.

या शस्त्रांचा प्रत्यक्ष उपयोग काय होतो? जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यातील एका जमिनीच्या वादाचे चित्रीकरण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. जमीन आपली म्हणणाऱ्या सधन बाईंच्या हातात पिस्तूल होते, आणि समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या हातात काहीही नव्हते. एकही गोळी सुटली नाही. सुटण्याची आवश्यकताही नव्हती. हाच तो तालुका, जिथे १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला होता. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, खुद्द अधिकाऱ्याच्या दालनात, सत्तारूढ आघाडीतील एका आमदाराने त्याच आघाडीतील प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. तिथेही मूळ भांडण जमिनीचेच होते. पोलिसांच्या समोर, पोलिसांच्याच छताखाली जे हत्यार चालते, त्याला स्वसंरक्षणाचे साधन म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर उघडकीस आले की त्या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने वाटले गेले होते. पुढे प्रशासनाने त्यांपैकी शेकडो रद्द केले. जे परवाने असे एका फटक्यासरशी रद्द करता आले, ते देताना कोणती निकड पाहिली गेली होती, हे विचारायला नको काय? पिस्तूल हे आपल्या ग्रामीण व नीमशहरी राजकारणात नव्या सरदारकीचे चिन्ह झाले आहे. पूर्वी वतनाची सनद असे, आता परवाना असतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणे या बापुडवाण्या मर्दुमकीसाठी २०१९ साली कायद्यात स्वतंत्र शिक्षा घालावी लागली, यातच सर्व आले.

संरक्षणाचा दावा किती पोकळ आहे, याची साक्ष शासन स्वतःच देते. प्रत्येक निवडणूक जाहीर झाली की छाननी समिती बसते, आणि ती ठरवील त्या परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलिसांकडे जमा करावी लागतात. लोकांनी निर्भयपणे मत द्यावे असे वाटत असेल, तर ही पिस्तुले कुलपात गेली पाहिजेत, हे शासनाला पूर्णपणे ठाऊक आहे. मग उरलेल्या दिवसांत लोकांनी निर्भयपणे जगावे असे शासनाला वाटत नाही काय? शिवाय ज्यांच्या जिवाला क्षणोक्षणी धोका आहे म्हणून परवाना दिला, ते आचारसंहितेच्या काळात हत्याराविना सुखरूप राहतात, हे कोडे कोणता गृहमंत्री उलगडील?

ज्यांचा सारा व्यवहारच हत्यारावर चालतो, त्यांनाही हत्यार वाचवू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कोथरूडच्या सुतारदऱ्यात एका टोळीप्रमुखाला त्याच्याच बरोबर वावरणाऱ्यांनी गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला, तो मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलाने. म्हणजे रक्षणासाठी घेतलेले शस्त्र घरातूनच उचलले गेले आणि हत्येसाठी वापरले गेले. परवाना कागदावर एका नावाचा असतो. चाप मात्र कोणाचेही बोट ओढू शकते.

आणि हा परवाना देणारी यंत्रणा तरी कशी आहे? पुण्यात तो अधिकार पोलीस आयुक्तांचा. त्यांनी नाकारले तर कलम १८ प्रमाणे अपील करता येते, आणि ते शासनापुढे जाते. २०२५ साली पुण्यात हेच घडले. ज्याच्या भावाचे नाव पोलिसांच्या दप्तरी टोळीप्रमुख म्हणून आहे, अशा एका अर्जदारास आयुक्तांनी परवाना नाकारला. गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात तो देण्याचा आदेश दिला. गवगवा झाल्यावर पोलिसांनी प्रत्यक्ष परवाना दिलाच नसल्याचे सांगण्यात आले. अर्जदार न्यायालयातून निर्दोष सुटला होता, असा खुलासा मंत्र्यांनी केला. तो खुलासा जसाच्या तसा मान्य केला तरी प्रश्न उरतोच. निर्दोष सुटणे ही परवान्याची पात्रता असेल, तर राज्यातील कोट्यवधी नागरिक, ज्यांच्यावर कधी गुन्हाच नोंदला गेला नाही, ते अधिक पात्र ठरतात. त्यांच्यापैकी किती जणांचे अर्ज मंत्र्यांच्या मेजापर्यंत पोहोचतात?

येथे आपल्यातलेच काही जाणते मित्र इतिहासाचा दाखला देतील, आणि तो दाखला हलका नाही. १८७८ साली लिटनच्या राजवटीने देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि हिंदी माणसाला निःशस्त्र करणारा, असे दोन्ही कायदे एकाच वर्षी केले. गोऱ्यांना मोकळीक आणि हिंदी माणसाला परवाना, हा त्यातील वर्णभेद होता. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क अंतर्भूत झाला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी, जे पुढे समाजवादी खासदार म्हणून गाजले, तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली.

कामतांचा हेतू उदात्त होता, परंतु निर्णय आंबेडकरांचाच योग्य होता. परकी सत्तेने साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणे ही एक गोष्ट. विषमतेने चिरफाळलेल्या समाजात ज्याला परवडेल त्याने शस्त्र घ्यावे, ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. असा हक्क गावकुसाबाहेरच्या माणसाला कागदावर मिळाला असता आणि हत्यार वाड्यातल्या माणसाच्या हाती आले असते. १८७८ च्या कायद्याने माणसाचा वर्ण पाहिला. आज त्याचा खिसा आणि त्याची ओळख पाहिली जाते.

साताऱ्याच्या प्रतिसरकारचा दाखलाही दिला जातो. पण त्या लढ्यातील शस्त्र हे एकट्यादुकट्याच्या मालकीची शोभेची वस्तू नव्हते. ते परकी सत्तेविरुद्ध, संघटनेच्या शिस्तीखाली उचलले गेले होते. स्वातंत्र्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून लोकसभेवर निवडून गेले, ते लोकांच्या मतांवर. ज्या बीडने त्यांना निवडून दिले, त्या बीडची ओळख आज परवान्यांच्या संख्येने व्हावी, हा आपल्या सर्वांचा पराभव आहे.

आता सर्वांत कठीण आक्षेप. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घालण्यात आल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी, सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरूला गौरी लंकेश. चारही ठिकाणी पिस्तूल. मग विवेकाच्या बाजूने उभे राहणाऱ्याने आपल्या रक्षणासाठी शस्त्र का घेऊ नये?

या प्रश्नामागची वेदना खरी आहे. तिची कोणी टवाळी करू नये. परंतु विचार करा. सकाळी फिरायला निघालेल्या माणसावर दबा धरून आलेले मारेकरी अचानक गोळ्या झाडतात, तेव्हा त्याच्या खिशातले पिस्तूल काय कामाचे? ते मारेकऱ्याला एक हत्यार जास्त देईल, एवढेच. दाभोलकरांनी तर पोलीस संरक्षणही नाकारले होते. ज्याला माणसांच्या मनातील भीती काढायची आहे, त्याने कमरेला भीती बांधून हिंडावे, हे त्यांच्या कार्यातच बसत नव्हते. त्यांच्या खुनाचे उत्तर चळवळीने कसे दिले? काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम शासनाला काढावा लागला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. पानसरे यांच्यानंतर कार्यकर्ते 'निर्भय मॉर्निंग वॉक' म्हणून समूहाने रस्त्यावर उतरले. मारेकऱ्यांना जे संपवायचे होते, ते असे चालते राहिले.

आपला खरा संताप कुठे वळायला हवा? १० मे २०२४ रोजी, म्हणजे जवळजवळ ११ वर्षांनी, पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले, आणि मुख्य सूत्रधारांपर्यंत तपास पोहोचला नाही असे ताशेरे न्यायालयानेच ओढले. शासनाच्या या अपयशाला आपण प्रत्येकी एक पिस्तूल घेऊन उत्तर दिले, तर शासनाची सुटकाच होईल. 'तुमचे तुम्ही पाहा' हे तर त्याला हवेच आहे. शाळा ज्याची त्याने पाहावी, औषधपाणी ज्याचे त्याने पाहावे, आणि आता जीवही ज्याचा त्याने सांभाळावा!

हीच 'तुमचे तुम्ही पाहा'ची नीती स्त्रियांच्या बाबतीत २०१४ साली उघडपणे विकायला ठेवण्यात आली. दिल्लीच्या भीषण घटनेनंतर कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' नावाचे, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून काढले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने ते किती वर्षांच्या पगारातून घ्यावे? बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत बहुसंख्य आरोपी स्त्रीच्या परिचयाचेच असतात, हे शासनाच्याच अहवालांतून दरवर्षी छापले जाते. घरातल्या, शेजारच्या, कामाच्या जागीच्या माणसाविरुद्ध पर्समधले हत्यार कितपत उपयोगी पडणार? रस्त्यावरचे दिवे, रात्रीची बस, तक्रार लिहून घेणारा पोलीस आणि वेळेत लागणारा निकाल, ही स्त्रीची शस्त्रे आहेत. ती दुकानात मिळत नाहीत, म्हणून तर ती राज्यकर्त्यांकडून झगडून मिळवावी लागतात.

कोणती रायफल घ्यावी, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे लोकही आहेत. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करत, पुण्याच्या बालेवाडीत सराव करून, ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले. त्याच्या हातातील रायफल कोणालाही भिववत नाही. या लोकांच्या वाटेत कोणी अडथळा आणू नये. उलट नेमबाजीची महाग हत्यारे व काडतुसे गरीब मुलांना सार्वजनिक केंद्रांतून मिळावीत, अशीच आपली मागणी असली पाहिजे.

तेव्हा करायचे काय? पुणे शहर आणि जिल्ह्यातील चालू परवाने किती, ते कोणत्या व्यवसायाच्या लोकांना, कोणत्या कारणासाठी दिले, आणि शासनाने अपिलात किती मंजूर केले, याची नावे वगळून तपशीलवार माहिती प्रसिद्ध करण्याची मागणी प्रत्येक तालुका शाखेने करावी. ५ वर्षांची मुदत संपल्यावर नूतनीकरणाच्या वेळी कारण नव्याने सिद्ध करायला लावावे. जमिनीच्या वादात पक्षकार असलेल्याचे शस्त्र वाद मिटेपर्यंत जमा करून घ्यावे. निवडणुकीत जे शक्य होते ते येथेही शक्य आहे. ज्यांच्या जिवाला खरोखरच धोका आहे, त्यांना मालमत्तेकडे न पाहता पोलीस संरक्षण मिळावे.

आणि एक बंधन आपण आपल्यावर घालून घ्यावे. पक्षाच्या कोणाही पदाधिकाऱ्याने आखूड नळीच्या शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज करू नये. कोणी केला असल्यास तो मागे घ्यावा. पिस्तूल लावून आलेल्या माणसासमोर शेतकरी खरे बोलत नाही, मग तो माणूस मोर्चाच्या पुढे चालणारा का असेना. आणि लोकांनी आपल्यापुढे खरे बोलावे, याखेरीज आपल्या पक्षापाशी दुसरे भांडवल नाही.