किल्ली की चिठ्ठी?

मराठीत ‘तिऱ्हाईत’ हा शब्द मोठा मजेचा आहे. ज्याचा आपल्या व्यवहाराशी संबंध नाही, तो तिऱ्हाईत. भांडण मिटवायला तिऱ्हाईत माणूस बरा असे आपण म्हणतो, आणि तोच तिजोरीपाशी उभा दिसला तर मात्र दचकतो. विश्वास आणि संशय एकाच शब्दात असे सुखाने नांदत आहेत.

हल्ली या तिऱ्हाइताने आपल्या मोबाइलमध्ये बिऱ्हाड केले आहे. पैसे असतात बँकेत, पण भाजीवाल्याला ते द्यायचे दुसऱ्याच कंपनीच्या ॲपमधून. दुकानाचा हिशेब तिसऱ्याच ॲपमध्ये. या सगळ्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. तिला ‘खाते जोडणे’ म्हणतात. ही ओळख झटपट व्हावी म्हणून जगभरचे ॲपकर्ते धडपडत आहेत, आणि ती धडपड रास्तच आहे. प्रश्न एवढाच की सोपे करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आम्हां कोल्हापूरकरांना तिऱ्हाईत काही नवा नाही. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तेथे वाढीला लागला. शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या आला. त्याच्यावाचून चालत नाही, म्हणून शेतकरी गुळाच्या ढेपा त्याच्या स्वाधीन करतो. घराची किल्ली मात्र करीत नाही!

संगणकाच्या दुनियेला हे शहाणपण जरा उशिराच सुचले. सुमारे वीस वर्षांपूर्वी एखादे नवे संकेतस्थळ खुशाल विचारी, ‘तुमच्या ईमेलचा पासवर्ड सांगा, म्हणजे तुमचे मित्र आम्ही शोधून देऊ.’ शेजारणीला लोणच्याची बरणी हवी म्हणून तिला सगळ्या घराची किल्ली देण्यातला हा प्रकार. बरे, किल्ली परत घ्यायची तर कुलूपच बदलायचे, आणि मग ज्यांच्या ज्यांच्याकडे जुनी किल्ली आहे ते सगळेच दाराबाहेर.

यावर २००७ साली ‘ओऑथ’ नावाची एक पद्धत निघाली, आणि २०१२ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली. नाव परके असले तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. किल्लीऐवजी चिठ्ठी द्यावी. मूळ खाते जेथे आहे त्याच दारात जाऊन तुम्ही ओळख पटवायची. मग ते खाते तिऱ्हाइताला चिठ्ठी देते, ‘यांना एवढेच दाखवावे, इतके दिवस दाखवावे.’ पासवर्ड तिऱ्हाइताच्या कानावरही जात नाही. शिवाय एकाची चिठ्ठी फाडली म्हणून दुसऱ्याची बाद होत नाही.

पण मोबाइलवर या चिठ्ठीची यातायात फार. हिशेबाच्या ॲपमधून निघा, ब्राउझर उघडा, विसरलेला पासवर्ड आठवा, परत या. ॲप बनविणारा आमचा एक माजी विद्यार्थी म्हणाला, “सर, गिऱ्हाईक लई घाईत असतंय. एक पान जादा दाखवलं की पळालंच बघा.” तिऱ्हाईत आणि गिऱ्हाईक यांचे यमक जुळते, पण जमायचे कसे?

काही ॲपकर्त्यांनी एक पळवाट काढली. दुसऱ्याचे प्रवेशाचे पान आपल्याच ॲपच्या पोटात उघडायचे. पान बँकेचे दिसते, पण भिंती तिऱ्हाइताच्या, आणि त्या भिंतींना डोळे असू शकतात. म्हणून २०१७ साली जाणकारांनी नियम घालून दिला की हे असे करू नये. मोबाइलच्या खऱ्या ब्राउझरकडे जावे, किंवा मूळ खात्याचे ॲप मोबाइलमध्ये असेल तर थेट त्याच्याकडे. तेथे तुमची ओळख आधीच पटलेली असते. बोट टेकवायचे, ‘होय’ म्हणायचे आणि परत यायचे. पाने कमी झाली, पण किल्ली घरातच राहिली. खरा सोपेपणा तो हाच.

आपल्या देशात तर याची मोठी उदाहरणे आहेत. दहा बँका आणि दहा ॲप यांनी आपापसांत जोडणी करायची म्हटली तर शंभर धागे लागतात. मधे एक सामाईक व्यवस्था ठेवली की वीस पुरतात. २०१६ साली आलेल्या यूपीआयने हेच केले. पिन टाकण्याची जागाही त्या सामाईक व्यवस्थेचीच असते. पैसे पाठविणाऱ्या ॲपला तो पिन दिसत नाही. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने ‘अकाउंट ॲग्रिगेटर’चे नियम केले, आणि २०२१ पासून बँका त्यात येऊ लागल्या. कर्ज हवे असले की तुमच्या संमतीने खात्याचा तपशील बँकेतून कर्ज देणाऱ्याकडे जातो. मधला निरोप्या पाकीट पोचवितो, पण ते फोडून वाचू शकत नाही. कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हेही संमतीतच नमूद असते.

हे सारे उत्तम. तरीही माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला एक काळजी उरतेच. ती चिठ्ठी वाचतो कोण? आमच्या नात्यातल्या एका ऊस-बागायतदारांना मी विचारले, “काका, ॲप जोडताना काय लिहून येतं?” ते म्हणाले, “इंग्रजीत कायतरी येतंय. खालचं निळं दाबायचं, झालं!” चिठ्ठी न वाचता सही केली तर ती किल्ली दिल्यासारखीच. जोडणी इतकी सोपी झाली की कोणाला काय दिले हेच कळू नये, तर त्या सोपेपणाला भाबडेपणा म्हणावे लागेल.

२०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची ठरली आहे. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागेल. दुसरी अशी की संमती जितक्या सहज दिली, जवळजवळ तितक्याच सहज ती मागेही घेता आली पाहिजे. जोडायला एक बटण आणि तोडायला सतरा पाने, हा खाक्या चालणार नाही. ॲपकर्त्यांनी या दोन अटी अडचण मानू नयेत. जे गिऱ्हाईक समजून-उमजून ‘होय’ म्हणते, ते टिकते.

सध्या दिवाळीची साफसफाई घरोघर चालली असेल. माळा झाडून झाला, की वाचकहो, मोबाइलच्या सेटिंगमध्येही एक फेरी मारा. आपल्या खात्याशी कोण कोण जोडले गेले आहे, याची यादी तेथे असते. कधी काळी एका खेळासाठी दिलेली परवानगी, बंद पडलेल्या दुकानाला दिलेली चिठ्ठी, अशी बरीच अडगळ निघेल. जी लागत नाही ती काढून टाका. घरातली मुले मदत करतील. फराळाचे ताट मात्र त्यांच्यापुढे आधी ठेवा!