विश्रामबागेतले भाडेकरू

विश्रामबागवाड्याचं नाव काढलं की पुणेकर दुसऱ्या बाजीरावाची गोष्ट सांगू लागतो. शनिवारवाड्यात मन रमेना म्हणून बांधलेला हा वाडा. खर्च दोन लाख रुपये. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, केळफुलाची नक्षी, रस्त्याकडचा तो लाकडी सज्जा. सगळं खरं आहे. पण बाजीराव इथे राहिला जेमतेम दहा-अकरा वर्षं. १८१७ साली खडकीची लढाई झाली आणि पेशवाईबरोबर त्याचा इथला मुक्कामही संपला. वाडा त्यानंतर दोनशे वर्षं उभा आहे. या दोनशे वर्षांत तिथे कोण वावरलं, याची चौकशी फारसं कुणी करत नाही.

वावरले ते विद्यार्थी आणि कारकून. १८२१ साली इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, तीही पेशवे ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेच्या पैशातून. पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. त्यानंतर हायस्कूल, पालिकेची कचेरी, टपाल. संग्रहालय अगदी अलीकडचं.

या काळातली एकच गोष्ट घ्या. मे १८७९. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड ऐन भरात होतं. अशात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. सरकारला कारण शोधावं लागलं नाही, बंड होतंच. पुण्याच्या ब्राह्मणांवर संशयाची नजर होतीच, ती आणखी करडी झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांची बदली धुळ्याला झाली आणि तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जाऊ लागली. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे दिवस लिहून ठेवले आहेत.

आणि आग लावली होती कुणी? सरकारी बुक डेपोतल्या एका कारकुनानं. आडनाव रानडेच, पण बंडाशी संबंध काडीचा नाही. पैशांची अफरातफर केली होती. हिशेब उघडकीला येऊ नये म्हणून काडी ओढली. साम्राज्य हादरल्याच्या वार्ता गेल्या, एका न्यायाधीशाच्या टपालावर पहारा बसला आणि मुळात होती ती कचेरीतली चोरी.

ही गोष्ट वाडा दाखवताना क्वचितच सांगितली जाते. साहजिक आहे. पेशव्यांच्या दरबाराशेजारी कारकुनाची खतावणी शोभत नाही. पण या वाड्याचं पुढे काय झालं, हे त्या खतावणीशिवाय समजत नाही. बुधवारवाडाही बाजीरावाचाच. तोही सागवानी, तोही देखणा. तो गेला. आज तिथे त्याची खूण नाही. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग मात्र लोकांच्या वर्गणीतून आणि पालिकेच्या मदतीनं पुन्हा उभा राहिला. पेशवाई बुडून तेव्हा साठ वर्षं झाली होती आणि विलासमहाल सावरायला वर्गणी निघावी असा काळ नव्हता. वाड्यात शाळा भरत होती. मुलांना बसायला जागा हवी होती.

म्हणजे आज आपण मान वर करून ज्याचं कौतुक करतो ते लाकूडकाम टिकलं त्यात बाजीरावाचा वाटा दोन लाखांचा. बाकीचं श्रेय भाडेकरूंचं. बाकं, दप्तरं, शाईचे डाग आणि टपालाचे शिक्के यांनी हा वाडा वापरात ठेवला. वापरात नसलेल्या वाड्यांचं काय होतं, ते सदाशिव-नारायण पेठेतल्या कुठल्याही बिल्डरला विचारावं.

‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन याच वाड्यात मांडलं गेलं. पुनवडीपासून पुण्यनगरीपर्यंतच्या वाटेत आग लावणारा एक कारकून आणि वर्गणी देणारे शेकडो लोक आहेत. त्यांच्यासाठी एक कपाट रिकामं करायला महापालिकेला नव्या निविदेची गरज पडू नये.