पाठीवरचे बिऱ्हाड आणि परवान्याची सोडत

लग्न होऊन दोन-तीन वर्षे झालेली, दोघेही पदवीधर, दोघांनाही बरी नोकरी, आणि तरीही ‘वर्ष-दोन वर्षे सारे सोडून पाठीवर बिऱ्हाड टाकू, वाटेत मिळेल ते काम करू आणि जग पाहून येऊ’ असे म्हणणारी जोडपी आजकाल मुंबई-पुण्यात, सुरतेत आणि आमच्या पणजी-मडगावातही भेटू लागली आहेत. वडीलधाऱ्यांना हे निव्वळ वेड वाटते. हातची नोकरी सोडावयाची, नातवंडाची वाट पाहणाऱ्या आईबापांना ताटकळत ठेवावयाचे आणि परक्या मुलुखात कोणाच्या मळ्यात फळे तोडावयाची किंवा कोणाच्या खानावळीत भांडी विसळावयाची, यात कोणता पुरुषार्थ आहे, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल अगदीच गैरलागू आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याहून महत्त्वाचा दुसरा सवाल आहे आणि तो या जोडप्यांना नव्हे, राज्यकर्त्यांना विचारावयाचा आहे. कष्ट करून, कोणाच्या उपकाराखाली न राहता जग पाहू इच्छिणाऱ्या आपल्या तरुण पतिपत्नींना जगाचे दरवाजे सोडतीच्या चिठ्ठीवाचून का उघडत नाहीत? आणि उघडले तरी ते एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर का ठेवतात?

सुरतेच्या संदर्भात हा प्रश्न पाहिला म्हणजे त्यातील विसंगती डोळ्यांत भरते. मराठी वाचकाला सुरत म्हटली की शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी आठवते. परंतु तिच्या सुमारे अर्धशतक आधी, १६१७ च्या डिसेंबरात, टॉमस कोरियट नावाचा एक इंग्रज याच सुरतेत मरण पावला. हा गृहस्थ ना व्यापारी होता, ना शिपाई, ना धर्मोपदेशक. जग पाहणे हाच त्याचा धंदा. १६१२ मध्ये घर सोडून तो तुर्कस्तान, पॅलेस्टाईन, इराण असा मुलूख तुडवीत १६१५ मध्ये अजमेरला जहांगीर बादशहाच्या छावणीत येऊन पोहोचला. अलेप्पोपासून अजमेरपर्यंतच्या दहा महिन्यांच्या वाटेवर आपला खर्च अवघा तीन पौंड झाला, असे त्याने मोठ्या अभिमानाने मायदेशी कळविले. वाटेवरच्या लोकांनी त्याला पोसले, फारसी भाषेतील त्याचे भाषण ऐकून बादशहाने त्याला शंभर रुपये दिले आणि अखेर सुरतेच्या भूमीने त्याला आपल्या पोटात घेतले. बँकेतील शिलकीचा दाखला त्याच्याकडे कोणी मागितला नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, १६२३ च्या फेब्रुवारीत, पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा उमराव सुरतेच्या बंदरात उतरला. त्याने १६१६ मध्ये बगदाद येथे मआनी नावाच्या तरुणीशी विवाह केला होता. ती त्याच्याबरोबर इराणभर हिंडली आणि १६२१ च्या अखेरीस इराणच्या दक्षिण किनाऱ्यानजीक तापाने वारली. पतीने तिचा देह कापूर घालून पेटीत जतन केला आणि त्या पेटीसह तो सुरतेहून खंबायत, अहमदाबाद, चौल करीत आमच्या गोव्यास आला, पुढे इक्केरीच्या नायकाच्या दरबारी गेला. १६२६ मध्ये रोमला परतल्यावर त्याने तिला आपल्या घराण्याच्या थडग्यात विसावा दिला. जिच्यासह वाट चालावयाची तिला मरणानंतरही वाटेवर टाकावयाचे नाही, हा निर्धार त्या परक्या माणसाने आपल्याच किनाऱ्यावरून नेला.

त्या काळी परक्यांना आपला किनारा मोकळा होता. आपल्याला मात्र समुद्र बंद होता. तो कोणा परकीय सत्तेने नव्हे, आपल्याच धर्मपंडितांनी बंद केलेला होता. समुद्रोल्लंघन केले की प्रायश्चित्त, नाही तर बहिष्कार, ही किनारपट्टीवरील हिंदूंची कित्येक पिढ्यांची रीत होती. लाटांच्या काठी राहून लाटांना भिणारा समाज आपण स्वतःच घडविला. ती सिंधुबंदी विसाव्या शतकात हळूहळू गळून पडली. पण धर्माची बंदी उठते न उठते तोच परवान्याची बंदी येऊन उभी राहिली.

ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंड येथील तरुणांसाठी ‘वर्किंग हॉलिडे’ परवाना सुरू केला. वर्षभर या, देश पाहा आणि खर्चापुरते काम करा, असा त्याचा सरळ अर्थ. ब्रिटिश तरुणाला तो आज ३५ व्या वर्षापर्यंत मिळू शकतो आणि त्यासाठी सोडत नसते. भारतीय तरुणाला अशाच परवान्याच्या दारापर्यंत पोहोचण्यास २०२४ साल उजाडावे लागले. दोन्ही देशांमधील आर्थिक सहकार्याच्या करारान्वये वर्षाला अवघ्या १,००० जागा, वय १८ ते ३०, आणि निवड सोडतीने. पहिल्या सोडतीला थोड्याच दिवसांत ४० हजार जणांनी नावे दिली. ब्रिटनने २०२३ पासून तरुण भारतीय पदवीधरांना दोन वर्षे राहून काम करण्याची मुभा दिली. तेथे ३,००० जागा, ३० ची वयोमर्यादा, २,५३० पौंडांची शिल्लक आणि पुन्हा सोडतच. आमच्या गोव्याने याची दुसरी बाजू पाहिली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कळंगुट-हणजूणच्या किनाऱ्यावर पाश्चात्त्य तरुण-तरुणी महिनोन्‌महिने राहिली. हणजूणच्या बाजारात आपले कपडे, कॅमेरे विकून त्यांनी मुक्काम लांबविला. त्यांच्या वर्तनाविषयी गावकऱ्यांच्या तक्रारी होत्या आणि त्या रास्तही होत्या. परंतु त्यांना येथे येण्यासाठी कोणी चिठ्ठी उचलावयास लावली नव्हती.

जागा थोड्या आहेत, त्या वाढतील, धीर धरा, असे सरकारी उत्तर येईल. जागांबाबत आम्ही धीर धरू. परंतु या योजनांत एक दोष असा आहे की जागा वाढूनही तो जाणार नाही. सोडतीत नाव प्रत्येकाने स्वतंत्र द्यावयाचे. पतीची चिठ्ठी निघाली म्हणून पत्नीला परवाना मिळत नाही आणि पत्नीची निघाली म्हणून पतीला मिळत नाही. लहान मुले पदरी असतील तर ब्रिटनच्या योजनेत अर्जही करता येत नाही. कागदावर हा नियम स्त्रीपुरुषांस सारखाच लागू आहे. आपल्या घरांत तो सारखा राहणार नाही. पतीची चिठ्ठी निघाली तर ‘तू पुढे हो, ती मागाहून येईल’ असे म्हटले जाईल. पत्नीची निघाली तर ‘एकटी कशी जाणार’ असे विचारले जाईल आणि ती चिठ्ठी फाडली जाईल. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास एकट्या अमेरिकेस गेल्या, त्या दोघांच्या खर्चाची तोंडमिळवणी होईना म्हणून. गोपाळराव मागाहून गेले. त्या एकाकी धैर्याचे आपण आजही गुणगान करतो. परंतु जे तेव्हा दारिद्र्याने लादले ते आज दोन सरकारांनी करार करून लादावे, हे शोभादायक नाही.

पतिपत्नींनी मिळून, काम करीत परमुलुखात जाणे आपल्याला नवे नाही. सुरत जिल्ह्यातीलच उदाहरण घ्या. ज्या बारडोलीने १९२८ मध्ये देशाला सत्याग्रहाचा धडा दिला, त्या बारडोलीच्या ऊसपट्ट्यात दर हंगामास खानदेशातून आणि डांगातून ऊसतोडणी मजूर येतात. उधना, लिंबायत, पांडेसरा येथील यंत्रमागांवर खपणाऱ्या मराठी कुटुंबांची वाटही अशीच कामाने आखली. ऊसतोडीच्या व्यवहारात पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ मानला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, हिशेब दोघांचा एक. त्या व्यवहारात पिळवणूक अपरंपार आहे, बाईची मजुरी तिच्या हाती पडत नाही, आणि त्याचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. तथापि दोन माणसे मिळून एक संसार होतो आणि तो तोडून निम्मा नेता येत नाही, एवढे तरी त्या निष्ठुर हिशेबाला उमगलेले असते. परवान्याच्या नियमांना तेवढेही उमगलेले नाही.

आता वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळू. हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे म्हणणाऱ्यांनी कोचीच्या विजयन आणि मोहना या दांपत्याचे स्मरण करावे. चहाचे एक लहानसे दुकान, रोजच्या गल्ल्यातून बाजूला टाकलेले पैसे, वेळी काढलेले कर्ज आणि परत येऊन दुकानातच राबून त्याची फेड, एवढ्या भांडवलावर त्या उभयतांनी पंचविसांहून अधिक देश पाहिले. २०२१ च्या नोव्हेंबरात विजयन वारले, त्याच्या थोडेच दिवस आधी दोघे रशियाहून परतले होते. आणि काम शोधीत निघालेला माणूस वाटेत जग कसे पाहतो, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावयास काकांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ आज आपला ठेवा आहे. हौसेने गेलेल्याला जे दिसले नसते ते पोटासाठी गेलेल्या त्या भिक्षुकाला दिसले.

आमच्या मते कष्टाचा प्रवास श्रेष्ठ आहे तो याचसाठी. पैसे टाकून हिंडणाऱ्याला देश दुकानासारखा दिसतो. त्याच देशात राबणाऱ्याला तेथील माणसे दिसतात. पदवीधराने परदेशी जाऊन फळे का तोडावीत, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर असे की, जरूर तोडावीत. आपल्याकडच्या मळ्यात वाकण्याची ज्याला लाज वाटते, तो तेथे चार महिने वाकला आणि परतल्यावर बारडोलीच्या कोयत्याकडे, आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईकडे निराळ्या नजरेने पाहू लागला, तर त्याच्या प्रवासाचा खर्च वसूल झाला असे आम्ही समजू. मात्र जाणाऱ्यांनीही आपला हिशेब चोख ठेवावा. आईबापांच्या आजारपणाची सोय लावून जावे, परतीचे भाडे वेगळे काढून ठेवावे आणि परवान्यात नसलेल्या कामाला हात लावू नये.

कारण सरळ वाट अरुंद असली की आडवाटेचे दलाल गबर होतात. १९ जानेवारी २०२२ रोजी गांधीनगर जिल्ह्यातील डिंगुचा गावचे एक जोडपे, त्यांची अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात अमेरिकेच्या सीमेलगत बर्फात गोठून मेलेले आढळले. माणसे सीमेपार पोहोचविणाऱ्या टोळीच्या दोघांवर २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात गुन्हा शाबीत झाला. ते कुटुंब हिंडण्यासाठी गेले नव्हते, हे खरे. पण उमेद तीच होती आणि बंद दारही तेच. परदेशी नोकरी लावणाऱ्या दलालाला १९८३ च्या कायद्याने परवाना घ्यावा लागतो. विद्यार्थी आणि प्रवासी यांच्या व्हिसाचा सल्ला देणारी दुकाने मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात.

म्हणून केंद्र सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, अशा सर्व करारांत विवाहित जोडप्याला एक नाव धरून सोडतीत घ्यावे. एकाची निवड झाली तर दुसऱ्याला ठरलेल्या जागांबाहेर परवाना मिळावा. दुसरी, व्हिसाचा सल्ला विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला परवान्याचे आणि अनामत रकमेचे बंधन घालावे. तिसरी, त्या त्या देशातील किमान वेतन, मालकाने फसविल्यास दाद कोठे मागावी आणि वकिलातीचा पत्ता, ही माहिती जाणाऱ्यांच्या हाती मराठीत, गुजरातीत, त्यांच्या त्यांच्या भाषेत द्यावी. यातील एकाही गोष्टीला तिजोरीतून मोठा पैसा लागत नाही. लागते ती वाटाघाटीच्या मेजावर आपल्या तरुणांची बाजू नेटाने मांडण्याची इच्छा. व्यापाराच्या सवलतींसाठी जेवढे ताणून धरले जाते, त्याच्या निम्मे जरी या कामी धरले तरी पुरेल.

चार शतकांपूर्वी रिकाम्या हाताने आलेल्या परदेशी वाटसरूला सुरतेने आसरा दिला. आज त्याच सुरतेतून दोन कष्टाळू माणसे जोडीने निघू म्हणतात. त्यांना कोणाची भीक नको आहे. काम करण्याची आणि एकत्र राहण्याची मुभा हवी आहे. ती मिळवून देणे हे स्वतंत्र देशाच्या सरकारचे कर्तव्य आहे.