व्यायामाला गाव हवं

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत दिवसातून तीस-चाळीस वेळा एक वाक्य बोललं जातं, "रोज अर्धा तास चाला." रुग्ण मान हलवतो, गोळ्या घेतो, घरी जातो. तीन महिन्यांनी शुगर तीच, वजन तेच. चाललात का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "चालायचं कुठं, साहेब? आणि लोक काय म्हणतील?" या उत्तराला आळस म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. गावाकडच्या माणसाला बिनकामाचं, बिनठिकाणाचं चालणं खरोखरच विचित्र वाटतं. त्याच माणसाला आषाढीला पंढरपूर सांगा, तो दोनशे किलोमीटर जाईल. श्रावणी सोमवारी परळीला, यात्रेला कपिलधारला तो पायी निघतोच. त्याला व्यायाम नको असतो, त्याला गाव हवं असतं. पोचायला एक गाव आणि पोचल्यावर एक चहा.

म्हणून गेली काही वर्षं मी चालण्याबरोबर सायकलीचं नाव घेऊ लागलो आहे, आणि नुसती सायकल न सांगता ठिकाण सांगतो. बीड शहरातल्या माणसाला सुरुवातीला खजाना विहीर. सोळाव्या शतकातली निजामशाहीच्या काळातली ही विहीर शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. तिच्या भुयारी पाटाचं पाणी बघून परतलं की तासाभराचा व्यायाम सहज होतो. सवय झाली की पाली, बिंदुसरा धरणाची भिंत. त्यापुढे बालाघाटाचं पठार. मांजरसुंब्यावरून लिंबागणेश, पाटोदा, नायगावचं मोरांचं अभयारण्य आणि पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा. अंबाजोगाईकरांना तर दाराशीच मुकुंदराजांची समाधी आणि तिथलं डोंगराचं वळण. पठारावरचा रस्ता एका दमात चढत नाही, एका दमात उतरतही नाही. थोडा चढ, थोडा उतार, मध्ये ज्वारीचं रान, मध्ये चार घरांची वस्ती. हृदयाच्या दृष्टीने असा रस्ता उत्तम, कारण नाडी वाढते, खाली येते, पुन्हा वाढते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच डोंगरातून सीताफळांच्या पाट्या उतरतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, हे आपल्याच लोकांना कमी ठाऊक. (मधुमेहात चालतं का? लहान असेल तर अर्धं, जेवणानंतर लगेच नको. आणि सायकलवर जाऊन आणलेलं असेल तर मी जास्त प्रश्न विचारत नाही.)

इंग्लंडात हेच फार आधी कुणाच्या तरी लक्षात आलं. 1977 साली ब्रिस्टल शहरातल्या काही सायकलवाल्यांनी एक संस्था काढली, पुढे तिचं नाव सस्ट्रान्स झालं. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचे रूळ काढून त्यांनी ब्रिस्टल ते बाथ असा सुमारे एकवीस किलोमीटरचा रस्ता केला. 1995 मध्ये राष्ट्रीय लॉटरीतून त्यांना मोठा निधी मिळाला आणि देशभर सायकलमार्गांचं जाळं विणलं गेलं. त्यात नवे रस्ते कमी होते. बरेचसे आधीचेच, खेड्यापाड्यातून जाणारे अरुंद शांत रस्ते होते. त्यांना क्रमांक दिले, फाट्याफाट्यावर पाट्या लावल्या, नकाशे छापले. मेंढरांची कुरणं, दगडी घरं, गावातलं चर्च यांच्यामधून साठ-सत्तर वर्षांची माणसं तिथे दिवसभर सायकल चालवतात आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही.

या कथेतला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 2020 मध्ये याच संस्थेने आपल्या जाळ्यातला जवळजवळ चौथा हिस्सा स्वतःहून वगळला किंवा वेगळ्या वर्गात टाकला. कारण सरळ होतं. त्या रस्त्यांवरची वाहनं वाढली होती, आणि नवशिक्याला किंवा मुलाला तिथे पाठवणं त्यांना योग्य वाटेना. पाट्या काढायला धाडस लागतं. आपल्याकडे नुसती पाटी लावण्याचाच समारंभ होतो.

ब्रिटनमध्ये 2017 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी होती. कामाला सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, गाडीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, 41 टक्क्यांनी कमी आढळला. असे आकडे जपून वाचावेत. सायकल चालवणारा माणूस मुळात तब्येतीने बरा असतो, हा फरक पूर्ण पुसता येत नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. आणि आपली दिशा कोणती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आणि 35.5 टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. हे आता शहरी श्रीमंतांचे आजार राहिलेले नाहीत. बांधावर जायलाही मोटारसायकल लागते, तिथे ते राहणार कसे?

सायकल म्हटलं की पराक्रमाच्या गोष्टी निघतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, सुमारे 4,800 किलोमीटर. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये सायकलवर जगाची फेरी मारली. त्यांचा अभिमान आहेच. पण मला ओपीडीतल्या माणसासाठी आठवड्याला दीडशे मिनिटं हवी आहेत, तेवढीच. त्यासाठी पन्नास हजारांची सायकल, घट्ट कपडे, मनगटावरचं यंत्र यातलं काही लागत नाही. घरातली जुनी सायकल काढा, ब्रेकचे रबर बदला आणि सीट वर करा. आपल्याकडे सीट नेहमी खाली असते. पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती तशी ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल बंद करतात. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. चवड्याने चालवायला लागलं की गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट बरोबर असेल तर सायकलीत गुडघ्यावर चालण्यापेक्षा कमी भार येतो, हे वजनदार रुग्णांनी मुद्दाम लक्षात घ्यावं.

काही जणांनी आधी डॉक्टरांना विचारावं. चढावर छातीत दाटून येणं, जबडा किंवा डावा हात दुखणं, हे 'सवय नाही म्हणून' असं समजू नका. उतरा, बसा आणि दवाखाना गाठा. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. हात थरथरले, घाम सुटला, तर घरी पोचायची वाट न बघता ती खावी. पायाला बधिरपणा असलेल्यांनी परतल्यावर तळवे बघावेत. मार्च ते जून या काळात सकाळी नऊनंतर रस्त्यावर राहू नये, आपलं ऊन थट्टेचं नाही. आणि कुत्री. कुत्रं मागे लागलं तर पायडल जोरात मारण्याऐवजी उतरून सायकल मध्ये धरा, बहुतेक वेळा ते थांबतं. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका.

खरा धोका मात्र गाड्यांचा आहे. धुळे-सोलापूर महामार्गावर हौशी सायकलस्वाराने जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे. ग्रामसडक योजनांतून झालेले आतले रस्ते त्यापेक्षा कितीतरी बरे. पण दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की केज, माजलगावकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात उभे असतात. मागे लाल दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही. त्यावर आदळलेली माणसं आमच्याकडे येतात, आणि बऱ्याचदा उशिरा येतात.

शिवाय या रस्त्यांवरचे खरे सायकलस्वार माझे रुग्ण नाहीतच. त्या आहेत आठवी ते बारावीच्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर, पाठीला दप्तर लावून, ओळीने शाळेला निघालेल्या. डांबराची कड तुटून वीतभर खाली गेलेली असते, समोरून टमटम येते, आणि मुलीला एक तर खडीत उतरावं लागतं नाही तर अंग चोरून तशीच जावं लागतं. बारावी झाली की सायकल धाकट्या बहिणीकडे जाते किंवा गोठ्यात गंजते. लग्न झालेली बाई सायकल चालवत नाही, असा कुठे नियम लिहिलेला नाही, तरी तो सगळीकडे पाळला जातो. पंधरा-वीस वर्षांनी तीच बाई वजन, शुगर आणि गुडघे घेऊन माझ्यासमोर बसते आणि मी तिला सांगतो, रोज अर्धा तास चाला. ऊस तोडून आलेल्या बाईला तर मी हेही सांगत नाही. तिला व्यायाम नको, विश्रांती हवी.

बालाघाटाच्या पायथ्यापासून पठारापर्यंतच्या दोन-तीन आतल्या रस्त्यांना सायकलमार्ग म्हणून पाट्या लावायला फार खर्च येणार नाही. त्याआधी शाळेच्या रस्त्यांच्या साइडपट्ट्या मुरूम टाकून डांबराच्या पातळीला आणाव्यात, आणि कारखान्यांनी गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी लावून घ्यावी. पट्टी नसेल तर काट्यावर ट्रॉली घेऊ नये. एवढं एका हंगामात होण्यासारखं आहे.