तळं कुणी बांधलं?

मैत्रिणींनो, दिवाळी आटोपली. फराळाचे डबे रिकामे झाले आणि आता पेटीतल्या गोधड्या, स्वेटरं अंगणात उन्हाला पडली असतील. आपल्या भंडाऱ्याकडे या दिवसांत दोन गोष्टी एकदमच येतात. एक धानाची कापणी आणि दुसरी सहलीची हौस. मुलं म्हणतात नवेगावबांधला जाऊ, त्यांचे बाबा म्हणतात कोक्याला नाहीतर नागझिऱ्याला जाऊ, आणि सोबत काय काय न्यायचं याची काळजी मात्र आपल्याच डोक्याला!

पण या खेपेला डब्यातल्या पदार्थांबद्दल लिहीत नाही. सहलीला गेल्यावर ज्यांच्या हातचं आपण खातो, ज्यांनी घातलेल्या अंथरुणावर झोपतो, त्या माणसांबद्दल लिहायचं आहे. निमित्त झालं एका पत्राचं. लिहिणाऱ्या भगिनीचं नाव-गाव मी देत नाही. तळ्याच्या वाटेवर तिची लहानशी खानावळ आहे आणि वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत, एवढं पुरे.

ती लिहिते, "ताई, माझ्याकडे स्वयंपाकाला छत्तीसगडचा एक माणूस आहे. चार वर्षं झाली. खोल्यांची झाडलोट गावातल्या दोघी बहिणी करतात. शनिवार-रविवार तिबेटी वसाहतीतली एक मुलगी येते. ती मोमो आणि थुकपा करते आणि नागपूरची कॉलेजातली पोरं ते मागून मागून खातात. धंदा बरा चालला आहे. पण आता दीर आणि शेजारी म्हणतात, बाहेरच्यांना कशाला पोसता? गावात माणसं नाहीत का? आपल्याकडे येणाऱ्याला आपलंच जेवण मिळालं पाहिजे, हे भलतंसलतं कशाला? सासूबाईंनाही ते पटू लागलं आहे. तशी त्या स्वयंपाक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. शिवाय तो परवडतो. गावातला माणूस ठेवला तर जास्त द्यावे लागतील. हा एकटा जीव, इथेच राहतो, कमी पैशांत भागतं. काय करू?"

प्रश्न एका खानावळीचा दिसतो, पण तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच घरात केव्हा ना केव्हा येतो. म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहिते.

बाई, आधी तुमच्या दिरांना आणि शेजाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारा. एवढ्या लांबून पाहुणे येतात ते काय पाहायला? तळं पाहायला. मग ते तळं कुणी बांधलं?

भंडारा म्हणजे तळ्यांचा जिल्हा. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि नवेगावबांध तिकडे गेलं, पण जिल्हा वेगळा झाला म्हणून माहेर थोडंच वेगळं होतं! या दोन्ही जिल्ह्यांतली बहुतेक जुनी तळी माणसांनी घातलेली आहेत. पूर्वी ती मालगुजारांची होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ती 'माजी मालगुजारी', म्हणजे आपले 'मामा तलाव' झाले. ती बांधण्यात मोठा वाटा कोहळी समाजाचा. पाणी कुठे अडवावं, पाळ किती रुंद घालावी, पाट कसा काढावा, ऊस कसा पिकवावा, यात कोहळ्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि हे कोहळी आले कुठून? परंपरा सांगते की चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला होता, तिथून परतताना त्याने यांना सोबत आणलं. म्हणजे राजाने परमुलखातून कसबी माणसं बोलावली, त्यांना जमीन दिली आणि त्यांनी या झाडीमंडळात पाणी साठवलं.

नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळीने घातला असं सांगतात. त्याची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. दिवसा कोलू पाटलाची माणसं माती टाकत आणि रात्री तळ्याभोवतीच्या डोंगरांवरच्या सात बहिणी खाली उतरून काम पुढे नेत. पुढे कोलू पाटलाला लोक कोलासूर देव म्हणून पुजू लागले. परमुलखातून आलेल्यांचा वंशज इथला देव झाला, ही गोष्ट मला फार आवडते. आणि त्याच्या मदतीला इथल्या डोंगरांच्या बहिणी आल्या, हे तर त्याहून आवडतं. बाहेरून आलेला हात आणि घरचा हात एकत्र आल्याशिवाय एवढं पाणी अडत नाही, हे गोष्ट रचणाऱ्याला नक्की ठाऊक होतं!

कोहळीच कशाला? आपले पोवार माळव्यातून आले असं तेच सांगतात. त्यांनी धानशेतीत नाव काढलं. आज त्यांना कुणी बाहेरचं म्हणेल का? आता महामार्गाचं पाहा. नागपूरहून रायपूरकडे जाताना रस्त्यावरच्या ढाब्यात पंजाबी दाल तडका खाऊनच मंडळी पुढे निघतात. मुंबई पाहायला गेलं की इराण्याकडचा ब्रून-मस्का आणि उडप्याकडची इडली खाल्ल्याशिवाय मुंबई पाहिल्यासारखी वाटत नाही. इराणी आले इराणातून, उडपी आले कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून. आता ते मुंबईचेच झाले.

तुमच्याकडे मोमो करायला येणाऱ्या मुलीचंही तेच. १९५९ मध्ये दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसं आली. त्यांच्यातल्या काहींसाठी १९७२ मध्ये गोठणगाव-प्रतापगडाजवळ वसाहत झाली. नोर्ग्येलिंग तिचं नाव. तेव्हा ते सगळं भंडारा जिल्ह्यातच होतं. बर्फाच्या मुलखातली माणसं आपल्या उन्हाळ्यात आली, जमीन कसू लागली आणि हिवाळा आला की गावोगाव लोकरीचे कपडे विकायला निघाली. आपल्या मुलांच्या अंगावर कितीतरी वर्षं त्यांच्याकडूनच घेतलेलं स्वेटर असतं की नाही? त्या गोष्टीला पन्नासावर वर्षं झाली. आज मोमो करणारी मुलगी इथेच जन्मली, इथेच शाळेत गेली. तिला बाहेरची म्हणायचं तर तिचं आतलं गाव कोणतं, ते तरी सांगावं! आज नवेगावला आलेला पाहुणा वसाहतीतला मठ आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका पाहून जातो. प्रतापगडावर महादेवाची यात्रा भरते आणि दर्ग्याचा उरूसही भरतो. एवढ्याशा टापूत इतकं सगळं आहे म्हणून तर माणसं लांबून येतात.

आणखी एक गंमत पाहा. हिवाळ्यात आपल्या विदर्भाच्या तळ्यांवर पट्टकादंब नावाचे हंस उतरतात. ते तिबेट-लडाखकडून, हिमालय ओलांडून येतात. त्यांना पाहायला आपण दुर्बीण घेऊन पहाटे उठतो, मुलांना 'गप्प बसा, पाहुणे आलेत' असं दटावतो. पाखरू लांबून आलं की पाहुणा आणि माणूस लांबून आला की उपरा, हा कुठला न्याय?

आता कामाचं बोलू. 'गावात माणसं नाहीत का' हा प्रश्न चुकीचा नाही. गावातल्या माणसाला आधी काम मिळावं, ही इच्छा रास्तच आहे. जंगलात वाट दाखवणारे गाईड जवळपासच्या गावांतलेच असतात आणि ते तसेच असावेत. पाणवठा कुठे आहे, वाघाचा माग कसा ओळखायचा, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? पक्ष्यांवर आणि जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. नोकरीच्या निमित्ताने ते नवेगावला आले आणि इथल्या धीवर-गोंडांकडून शिकत गेले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. बाहेरून आलेल्याने इथल्यांकडून शिकायचं आणि इथल्यांचं सगळ्या जगाला सांगायचं, असा हा व्यवहार असतो.

पण कापणी-मळणीचे दिवस आठवा. पावसाळ्यात जंगल बंद असतं तेव्हा गाव रोवणीत असतं. जंगल उघडून पाहुण्यांची रीघ लागते, त्याच सुमाराला धान कापायला येतं. त्या दिवसांत गावात मजूर हातापाया पडूनही मिळत नाही, हे तुम्हीच जाणता. अशा वेळी बाहेरून आलेला हात चूल पेटती ठेवतो. पाहुण्याला वेळेवर जेवण मिळालं तरच तो पुन्हा येतो आणि तो आला तरच त्या दोघी बहिणींची झाडलोट, गाईडची फेरी, धीवराची मासोळी आणि शिंगाडे, सगळ्यांचं चालतं.

आणि आपली माणसं काय घरीच बसतात? धान आटोपलं की पूर्व विदर्भातली कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथे तीच 'बाहेरची' होतात! २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा त्यांतले पुष्कळ जण तिकडे अडकले, काही तर मैलोन् मैल पायी चालत परतले. त्याच दिवसांत आपल्या महामार्गावरून रायपूरकडे जाणारी माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालली होती आणि गावोगावच्या बायांनी त्यांच्यासाठी भाकरी थापल्या होत्या. तेव्हा त्यांना कुणी 'तू कुठला?' असं विचारून वाढलं नाही. मग आता, धंदा चालतो आहे तेव्हाच हा प्रश्न का?

इतकं झालं तुमच्या बाजूचं. आता बाई, एक गोष्ट तुम्हाला सांगते. राग मानू नका. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला खटकलं. "कमी पैशांत भागतं." तुमच्या शेजाऱ्यांच्या तक्रारीत जर काही खरं असेल तर ते इथे आहे. तो माणूस हाताला चव आहे म्हणून ठेवला असेल तर कुणाची हरकत नसावी. पण तो स्वस्त पडतो म्हणून ठेवला असेल, तर गावातल्या माणसाच्या मजुरीवर आपणच पाय देतो आणि शिव्या मात्र त्या बिचाऱ्याला खाव्या लागतात. एकटा जीव म्हणता, पण घरी त्याची बायको-मुलं, म्हातारे आई-वडील असतीलच ना? गावच्या स्वयंपाक्याला जे दिलं असतं तेवढंच त्याला द्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. झोपायला कोरडी, वाऱ्याची जागा द्या. पैसे महिन्याच्या महिन्याला त्याच्या खात्यात जमा करा, म्हणजे हिशेब चोख राहतो. मग शेजारी बोलले तर मान वर करून सांगता येईल की इथे कामाचा दाम आहे, गावाचा नाही.

राहिलं जेवणाचं. सासूबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हं! नागपूरहून आलेल्याला पंजाबी भाजी घरच्या घरी मिळते, झाडीपट्टीचं जेवण मिळत नाही. त्या दोघी बहिणींना नुसती झाडलोट का करायला लावता? अंबाडीची भाजी, सुक्या झिंग्यांची चटणी, तांदळाची भाकर, हे त्यांच्या हातचं ठेवा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. सासूबाईंनाच देखरेखीला बसवा! स्वयंपाक्याने त्यांच्याकडून शिकावं, त्यांनी त्याच्याकडून त्याच्या गावचा एखादा पदार्थ शिकावा. मुलीचा थुकपा आहेच. आपण ताट वाढतो तेव्हा डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भात. एकच पदार्थ सगळ्या ताटभर कुणी वाढतं का?

आणि मैत्रिणींनो, आपण जेव्हा पाहुण्या म्हणून जाऊ, तेव्हासाठी चार गोष्टी. 'ए पोऱ्या' अशी हाक मारू नका. नाव विचारा आणि नावाने बोलवा. मुलं तुमचं पाहून शिकतात. त्याचं गाव जरूर विचारा, पण संशयाने नको, आपण नवीन शेजारणीला विचारतो तसं. तिबेटी बाईचे डोळे, बोलणं यावरून मुलं खिदळली तर तिथल्या तिथे थांबवा, घरी गेल्यावर नको. खोली सोडताना ओले टॉवेल एका जागी ठेवा, उष्टं-खरकटं पिशवीत बांधा, कारण ते उचलणारी कुणाची तरी लेक-सून असते. आणि बक्षिसी द्यायची असेल तर ज्याने काम केलं त्याच्या हातावर ठेवा, गल्ल्यावर नको.

ही सहल झाली की मुलांना तळ्याच्या पाळीवर बसवून कोलू पाटलाची आणि सात बहिणींची गोष्ट सांगा. पाळ कुणी घातली, हे त्यांना कळू द्या. पुढच्या आठवड्यात लोकरीचे कपडे आकसू न देता कसे धुवायचे ते पाहू. तोवर स्वेटरं उन्हात उलटी करून वाळवा, म्हणजे रंग उडणार नाही.